लबाड पिल्लू

"थंडी वाजते," कोंबड्यांच्या शेडमधलं यंत्र एका पिल्लाची चिवचिव मराठीत सांगत म्हणालं आणि उबेचा दिवा आपोआप लागला.

हौसाबाईंना संशय आला. पिल्लांना पिसं फुटली होती. आता दिव्याची ऊब बंद करायलाच हवी होती. बाकीची पिल्लं दिव्यापासून लांब जाऊन धापा टाकत होती. एकच पिल्लू यंत्रापाशी उभं राहून ओरडत होतं.

"लबाड हाय त्ये," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "काय बोललं की दिवा लागतोय, हे शिकलंय."

"अगं, यंत्र कशाला खोटं बोलंल?" केरबांनी विचारलं.

"यंत्र न्हाई. पिल्लूच खोटं बोलतंय."

त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं. बाकीची पिल्लं निवांत पसरली. ते एक मात्र तक्रार करत राहिलं आणि मग एकाएकी यंत्र गप्प झालं.

हौसाबाईंनी लबाडाला उचललं. त्याच्या पंखांखाली पिसं नव्हतीच, नुसती गार कातडी होती.

पिल्लू पदरात गुंडाळून त्या चुलीकडे धावल्या. बऱ्याच वेळाने पदर हलला. पिल्लाने त्यांच्या बोटाला जोरात चोच मारली.

"मार," हौसाबाई म्हणाल्या, "आणखी मार."