पट्ट्यावरचं स्टूल

स्वयंपाकघर आणि बैठकीमधली भिंत पाडली तिथं फरशीत चार इंची सिमेंटचा पट्टा राहिला होता. गुलाबरावांचं उंच स्टूल बरोबर त्या पट्ट्यावर होतं. नव्या ओट्यावर कोपरं टेकून ते लसूण सोलत होते आणि सुनेशी बोलत होते.

"पाट खणून झाला. साहेब म्हणते, सोडा पाणी. म्या म्हटलं, साहेब, आधी पाण्याले इचारा, बाबू, चढाव चढशीन का?"

पोळी लाटता लाटता महामाया खदखदून हसली. सोफ्यावरून गुलाबरावांचे मित्र कारभारी म्हणाले, "हाव, म्या तिथंच होतो!"

गुलाबरावांच्या पत्नी कलाबाई गॅससमोर उभ्या होत्या. हा किस्सा त्यांच्या ओळखीचा होता, भिंतीपलीकडून. शेवटी सगळे हसायचे तेवढं ऐकू यायचं. कशाला हसायचे, ते फोडणीच्या आवाजात तेहतीस वर्षं कळलं नव्हतं. आज कळलं.

"बाबा, लसूण द्या," महामाया म्हणाली.

गुलाबरावांनी वाटी तिच्याकडे सरकवली. कलाबाईंनी पाहिलं, एकाही पाकळीला साल चिकटलेलं नव्हतं. या माणसाला लसूण सोलता येतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी तवा ठेवला. ठेच्याला सात-आठ मिरच्या पुरतात. त्यांनी दोन मुठी टाकल्या.

"आई, चिमणी लावा ना!"

चिमणीचं बटण कलाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी मिरच्या उलथल्या.

धूर अडवायला भिंत नव्हती. आधी महामाया शिंकत अंगणात पळाली. मागोमाग कारभारी, नाकाला रुमाल लावून. "वयनी, जेवाले बोलावलं का माराले?"

गुलाबराव खोकत, डोळे पुसत स्टुलावरच बसून राहिले.

"अवं, रोज असाच ठसका लागे का तुले?"

"रोज. तुमाले ऐकू नाई आला कधी?"

गुलाबरावांनी खोकला आवरला. "आमी हसत असू."

कलाबाईंनी गॅस बंद केला.

"तो पाटाचा किस्सा सांगा."

"आता तर ऐकला तू."

"तो महामायाले सांगतला. मले नाई."

"बरं. चिमणी तरी लाव."

"आधी सांगा," कलाबाई म्हणाल्या. "धूर गेला की ते आत येतीन."