सदतिसावं पान

“सदतिसावं पान. आपल्या प्रत्येक पुस्तकात तिथं आतल्या कडेला बारीक शिक्का मारायचा. पहिल्या पानावरचा शिक्का चोर फाडून टाकतो, हा त्याला माहीतच नसतो. आणि हे कुणाला सांगायचं नाय, मुख्याध्यापकालासुद्धा नाय. तुला ठाऊक, मला ठाऊक.”

निवृत्तीच्या दिवशी ग्रंथालयाच्या चाव्या देताना नानासाहेबांनी मंजुषाला बजावलं होतं. पुस्तकं मोजून ताब्यात घ्यावीत हे तेव्हा तिच्या मनातही आलं नाही. गुरूच्या हातून घेताना कुणी मोजतं का?

आज ती शालेय ग्रंथपालांच्या अधिवेशनात बसली होती आणि पार वैतागली होती. दहाचं उद्घाटन बारा वाजत आले तरी चालूच. माइक मधेच शिट्टी मारायचा. गुरुवारचा उपास, आणि समोर पाहुण्यामागून पाहुण्याला शाल.

“गुलमंडीतल्या सगळ्या शाली आज इथंच संपणार,” शेजारची बिल्किस पुटपुटली. ती शहागंजच्या उर्दू शाळेत ग्रंथपाल होती. “सकाळी स्टॉलवर काय शोधत होतीस गं? जे पुस्तक हातात येईल ते मधेच उघडतीस. नोट ठेवली होती काय कुणी?”

“सवय आहे,” मंजुषा म्हणाली.

“और वो चौकशी का क्या हुआ?”

“सोमवारी आहे. पडताळणीत दोनशेच्या वर पुस्तकं कमी निघाली. सगळी जुनी, आता न मिळणारी. संस्था म्हणते, पुस्तकं दाखवा नाहीतर राजीनामा द्या.”

“या अल्ला! अन् तू इथं भाषणं ऐकत बसलीस?”

“नानांना शब्द दिलाय. त्यांचा सत्कार आहे. आभार तूच मानायचे, म्हणाले.”

व्यासपीठावरचे वक्ते मोबाइलमध्ये बघून वाचनसंस्कृतीवर बोलत होते.

“आता हा ‘डिजिटल’ म्हणाला की मी उठून जाणार,” बिल्किस म्हणाली.

“मग केव्हाच जायला पाहिजे होतीस.”

जेवणात उपासाचं काहीच नव्हतं. मंजुषा कोपऱ्यात पिशवीतलं केळं सोलत होती, तेवढ्यात नानासाहेब आले. केळं तसंच ठेवून ती त्यांच्या पाया पडली.

“चौकशीचं मनाला लावून घेऊ नको, पोरी. पोरं नेतात पुस्तकं. मी बोलतो अध्यक्षांशी. फक्त त्या पानाचं तिथं काही काढू नको. शिस्त ती शिस्त.”

“व्हय, नाना.” तिला भरून आलं. एवढ्या गर्दीत त्यांना आपली काळजी.

दुपारी सत्कार झाला. संयोजक सांडू सरांनी माइकला तोंडच लावलं. “नानासाहेबांनी आयुष्यभर जमवलेला खासगी संग्रह आज आपल्या शाळांना दान दिला आहे! एकेका पुस्तकाची जुनी बांधणी उसवून, स्वतःच्या हातांनी नवी केली आहे!”

सभागृह उभं राहिलं. मंजुषानं डोळे टिपले. दिवसभराचा वैताग कुठल्या कुठं गेला.

प्रत्येक शाळेला एकेक गठ्ठा मिळाला. बिल्किसनं आपला आणून मंजुषाच्या मांडीवर ठेवला. “बघ तरी, क्या खूबसूरत बांधलीत!”

मंजुषानं वरच्या पुस्तकावरून हात फिरवला. कडक पुठ्ठा, कोरं करकरीत पहिलं पान. सवयीनं तिनं ते मधेच उघडलं.

“आभारप्रदर्शनासाठी मंजुषाताईंना विनंती करतो,” सांडू सरांचा आवाज आला. व्यासपीठावरून नानासाहेब हसून तिला ये म्हणून खुणावत होते.

“अगं ऊठ, तुला बोलावतायत,” बिल्किसनं कोपरानं ढोसलं.

मंजुषा दुसरं पुस्तक बघत होती. मग तिसरं. मग तिनं सगळा गठ्ठा छातीशी धरला, पदर सारखा केला आणि दिलेला शब्द पाळायला ती हळूहळू माइककडे निघाली. एकाही पुस्तकात सदतिसावं पान नव्हतं.