उजेड आहे तोवर

"टाक गो," दत्ताराम म्हणाला आणि गुडघ्यांत किंचित वाकून उभा राहिला.

नलिनीनं चेंडू टाकला. त्याच्याच जुन्या मोज्यात चिंध्या भरून तिनं तो शिवला होता. दत्तारामनं तो छातीशी अलगद झेलला आणि परत भिरकावला. गच्चीवर त्याच्यामागे दोरीवर गोधडी वाळत होती. तेच गोलचं जाळं.

पापड गोळा करून निघालेली शेजारची विमला थांबली. "काय वहिनी, रविवारी कूपरेजच्या मैदानावर तुम्हीच उतरताय वाटतं?"

"उतरते की! तुम्ही या टाळ्या वाजवायला."

विमला हसत जिना उतरली. नलिनीला हसू आलं नाही. हारवूड लीगमधला, म्हणजे मुंबईतल्या फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधला, रविवारी दत्तारामच्या संघाचा शेवटचा सामना होता. हरले तर कारखान्याचा संघ खालच्या डिव्हिजनला जाणार. मागे एकदा गेला होता, तेव्हा मॅनेजमेंटनं खेळावर नोकरीला लागलेल्यांना घरी बसवलं होतं. दत्ताराम गोलकीपर म्हणूनच लागला होता. संपानंतर गिरण्यांची माणसं दारोदार हिंडत होती. दुसरी नोकरी कुठली?

आणि गेल्या सामन्यात, ऊन उतरल्यावर, एक साधा सरळ बॉल त्याच्या कानाजवळून आत गेला. "शेवटी वळला गो," असं तो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला उंबऱ्याजवळची कळशी त्याच्या पायानं लवंडली. कळशी तर वळली नव्हती.

आता मात्र तो एकही चेंडू सोडत नव्हता. आपण उगाच घाबरलो, असं तिला वाटायला लागलं. बांगड्या मनगटाला टोचत होत्या, म्हणून तिनं त्या वर सारल्या.

"राहू दे त्या खाली," तो चटकन म्हणाला.

"का हो?"

"अशाच. बऱ्या वाटतात."

चेंडू हातातून सुटायच्या आधीच, बांगड्या वाजताच त्याचे खांदे हलत होते, ते तिला आता आठवलं. रविवारी समोरून धावत येणारा फॉरवर्ड काही बांगड्या घालून येणार नव्हता. त्याचा बूट येणार होता, आणि दत्ताराम त्या बुटावर डोकं घालणार होता.

खात्री करायची तर बांगड्या उतरवायला हव्यात. नवरा समोर उभा असताना? तिनं मनातल्या मनात स्वतःच्या तोंडात मारून घेतली. मग दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपराकडे ताणून घट्ट बसवल्या. समोरच्या इमारतीच्या टाकीवर रंगवलेलं नाव तिला अजून स्वच्छ वाचता येत होतं.

तिनं चेंडू टाकला. तो त्याच्या खांद्यावरून गेला आणि मऊपणे गोधडीत शिरला. गोधडी हलली. दत्ताराम हलला नाही.

"टाक ना गो," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर टाक."

नलिनीचे हात खाली आले, बांगड्या घसरून मनगटावर खणकल्या.

दत्ताराम उजवीकडे झेपावला, आणि त्यानं रिकामी ओंजळ छातीशी घट्ट आवळली.