फाटकाबाहेरचा घण

“जोडीनं आलाय? आत लगीन हाय का कुणाचं?” वॉचमनने कंपनीच्या फाटकातच काठी आडवी धरली.

“लगीन कवाच झालंय,” छबूबाई म्हणाली. “काम दावाय आलोय.” तिच्या खांद्यावर घण होता.

“बाईमाणसाला आत सोडत न्हाईत. हुकूम हाय.”

तिचा नवरा, फिरता लोहार भैरू घिसाडी, गोंधळला. त्याने शेजारी उभ्या असलेल्या पाळक साहेबरावांकडे पाहिलं. बायकोला घेऊन यायचं नाही, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगावं लागेल हे साहेबरावांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

“तू थांब इथंच, छबूबाई,” ते म्हणाले. “तासाभराचं काम आहे.”

साहेबराव देहूरोडच्या चर्चचे पाळक. काळेवाडीला नदीकाठी भैरूचं पाल पडलं होतं. सात महिने ते त्या पालासमोर येऊन बसत होते. देवाचं वचन सांगत, पोरांना पाटीवर अक्षरं गिरवून देत, तापाच्या गोळ्या देत. आता गावाने पाल उठवायला सांगितलं होतं आणि पावसाळा तोंडावर होता. म्हणून त्यांनी कंपनीच्या फोरमनला चिठ्ठी लिहिली होती. भैरूला नोकरी लागली, तर चर्चच्या मागची खोली मिळणार होती, तिन्ही पोरं शाळेत बसणार होती. नाही लागली, तर सकाळी गाढवांवर संसार लादायचा आणि वाट फुटेल तिकडे निघायचं.

फोरमन श्रीपादरावांनी भट्टीजवळ उभं राहून चिठ्ठी वाचली.

“उत्तम लोहार. बरं. एक छिन्नी करून दाखव.”

भैरूने लाल झालेली सळई सांडशीत धरून ऐरणीवर घेतली. दुसऱ्या हातातली हातोडी तिच्यावर हलकेच टेकवली आणि थांबला. सळई जराशी फिरवली, पुन्हा हातोडी टेकवली, पुन्हा थांबला. लाली उतरायला लागली.

“मार की! वाट कुणाची बघतोस?”

“घणाची.”

“तो काय तिथं पडलाय. घे.”

“म्या घण मारत न्हाई, साहेब. म्या नुसती जागा दावतो. ती मारती.”

“ती कोण?”

भैरूने सांडशीनेच फाटकाकडे दाखवलं. भोवतीचे कामगार खदखदून हसले. “घ्या! मालकीण भाईर राहिली!” एकजण ओरडला.

श्रीपादरावांनी आपला एक घणवाला दिला. गडी दांडगा होता, पण हातोडी एकीकडे पडे आणि त्याचा घण दुसरीकडे. हातोडी टेकायच्या आतच कधी घण येऊन आदळे. सळई दोनदा तापवली, दोनदा वाकडी झाली. शेवटी भैरूने सांडशी खाली ठेवली.

“निवलं लोखंड,” तो म्हणाला.

साहेबराव मान खाली घालून उभे होते. सात महिने त्यांनी तो ठोका ऐकला होता. हलका, मग जड. हलका, मग जड. जड ठोका कुणाचा, ते डोळ्यांसमोर होतं. चिठ्ठी लिहिताना मात्र ते त्यांना आठवलं नव्हतं.

“चूक माझी आहे, साहेब,” ते म्हणाले. “चिठ्ठीत दोन नावं पाहिजे होती.”

“दोन लिहून काय उपयोग, पाळकसाहेब? इथं घणावर बाई उभी केली, तर मॅनेजर मला घरी बसवेल.” श्रीपादरावांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. “माणूस खोटा नाही. पण लोहाराची जागा देता येणार नाही. भट्टीत कोळसा ओढायला घेतो. उद्यापासून यायचं. बोल, चालेल?”

“तिला इचारून येतो,” भैरू म्हणाला.

पुन्हा हशा झाला. श्रीपादराव हसले नाहीत.

बाहेर छबूबाई उन्हात उभी होती. घण अजून खांद्यावरच होता. भैरू तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलू लागला. सात महिन्यांत साहेबराव त्या बोलीतला एक शब्द शिकले नव्हते. ते चार पावलं लांब उभे राहिले. तिने काहीतरी विचारलं. भैरूने नकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा तेच विचारलं. त्याने पुन्हा मान हलवली. मग तिने तीन बोटं वर केली, आणि एवढं मात्र साहेबरावांना कळलं. तीन पोरं.

“जाईल त्यो,” ती त्यांच्याकडे वळून म्हणाली.

भैरू होकार सांगायला आत गेला. वॉचमनने त्याला वाट दिली. छबूबाईने घण खांद्यावरून उतरवून भिंतीशी टेकवला आणि रिकामे हात पदराला पुसले.

साहेबरावांना देवाचे आभार मानायचे होते; ते खोलीबद्दलच बोलू लागले.

“खोली पक्क्या भिंतींची आहे, छबूबाई,” ते म्हणाले. “गळत नाही. पोरं शिकतील तुझी.”

“व्हय.”

“आणि तू...”

त्यांची नजर भिंतीशी टेकलेल्या घणावर गेली.

“म्या येईन की, बाबा, ऐतवारी तुमच्या देवळात,” ती म्हणाली. “तिथं नुसतं बसायचंच असतंया न्हवं?”