निळ्या दारातली पांढरी बाई

"लल्ला रहीमो, जरा डावीकडे सरका. तोंडावर सावली येतेय," मुफद्दल म्हणाला.

रहीमो सरकली. मागे निळं दार, निळी भिंत, निळ्या पायऱ्या आणि मधे ही नखशिखान्त पांढरी. पांढरा झगा, पांढरा रुमाल, पायातल्या सपातासुद्धा पांढऱ्या. हाताला मेंदी नाही, डोळ्यांत काजळ नाही. मोरोक्कोतल्या या शेफशाऊन गावात नवरा गेलेली बाई अशीच राहते. चेहरा मात्र असा निर्विकार, की भिंतीला आणि तिला एकाच दिवशी रंग दिला असावा.

स्पेनमधल्या सारागोसाहून आलेल्या फेर्मीनने कॅमेऱ्याची कळ दाबली. त्याची बायको मारिबेल निवृत्त शिक्षिका होती. तिने डोळे टिपले.

शेफशाऊनला राहायचं कुठे, खायचं काय आणि फोटो काढायचे कुठे, असे तीन प्रश्न इंटरनेटवर विचारले, की उत्तर एकच यायचं: विधवा रहीमोचं घर. कुणा प्रवाशाने एकदा तसं लिहिलं, आणि तेव्हापासून गच्चीवरच्या खोलीसकट सगळं घर भरलेलं असे. मुफद्दल पाहुण्यांच्या बॅगा वाहायचा, बकरीचं चीज आणायचा, सूर्यास्ताच्या फोटोसाठी त्यांना टेकडीवरच्या जुन्या मशिदीपर्यंत चढवायचा. झोपायचा तो पाण्याच्या टाकीशेजारच्या कोठीत.

"नवरा कशाने गेला हो त्यांचा?" मारिबेलने नाश्त्याला विचारलं.

"झोपेत," मुफद्दलने वाटाण्याच्या दाट सुपावर ऑलिव्हचं तेल सोडत सांगितलं. "हृदय थांबलं."

मागच्या पाहुण्यांना रहीमोने तो समुद्रात बुडाला असं सांगितलं होतं आणि मुफद्दलने तापाने गेला असं. दुःखात माणसाचं तपशिलाकडे लक्ष राहत नाही, असा त्यांनी अर्थ लावला असावा.

"स्वभावाने कसा होता?"

मुफद्दलने थोडा विचार केला. "वाईट नव्हता," तो म्हणाला.

"घोरायचा," स्वयंपाकघरातून रहीमोचा आवाज आला.

मारिबेल हळवी होऊन हसली. "पाहिलंस, फेर्मीन? आता त्या घोरण्याचीच आठवण येत असेल. लल्ला रहीमो, त्यांचा एखादा फोटो नाही का भिंतीवर?"

"ठेवला नाही," रहीमो म्हणाली. "बघवत नाही."

मुफद्दल कणकेची परात डोक्यावर घेऊन गल्लीतल्या भट्टीकडे निघाला. भट्टीवाला अल्लाल फळीवरून पाव आत सरकवत होता. बाकावर दोघं-चौघं आपापल्या पावांची वाट बघत बसली होती.

"या, मुफद्दलसाहेब! काय म्हणते आमची विधवा?"

"बरी आहे."

"शरियतने चार महिने दहा दिवस पांढरं सांगितलंय. ऑलिव्हचे दोन हंगाम झोडून झाले, तरी हिचं उतरत नाही! अरे, सगळ्या गल्लीत इतकं निष्ठेचं वैधव्य कुणी पाळलं नसेल."

बाकावरची मंडळी पोट धरून हसली. मुफद्दल हसला नाही आणि रागावलाही नाही. पूर्वी राग यायचा. आता तो येतो की नाही हे बघायलाही तो थांबत नसे.

"तू विचार तरी तिला," अल्लाल आवाज खाली आणून म्हणाला. "पुरुष आहेस ना? कोठीत झोपून पाठ मोडून घेशील, भावा."

"विचारीन."

"हे तू रमजानच्या आधीही म्हणाला होतास."

दुपारी फेर्मीन झऱ्याकडे फोटो काढायला गेला, तेव्हा मारिबेलने मुफद्दलला जिन्यात गाठलं.

"सेन्योर मुफद्दल, मी आयुष्यभर वर्गातल्या मुलांचे चेहरे वाचलेत. तुमच्या मनात ती आहे. खोटं बोलू नका."

मुफद्दलने हातातली बादली पायरीवर ठेवली.

"मेलेल्या माणसाला किती दिवस धरून बसायचं?" मारिबेल म्हणाली. "तिने ते पांढरं उतरवावं, असं वाटतं ना तुम्हाला?"

"वाटतं," तो म्हणाला. कितीतरी दिवसांत एवढी एकच गोष्ट त्याला वाटली होती.

"मग आजच बोला. आम्ही तासभर घरात नसतो."

ती खरंच छत्री घेऊन बाहेर पडली, आणि जाताना त्याच्या खांद्यावर थोपटून गेली.

रहीमो आतल्या अंगणात घोळाची भाजी निवडत होती. मुफद्दल तिच्यासमोर पाटावर बसला. घरात कुणी नव्हतं, म्हणून त्याने आदराचं 'लल्ला' गाळलं.

"रहीमो, ते पांढरं उतरव आता."

"का?"

"बघून बघून डोळे पांढरे झाले. तुझा तो डाळिंबी झगा पेटीत पडलाय. घाल तो. हाताला मेंदी लाव."

"आणि मग?"

"मग मी कोठीतून तुझ्या खोलीत येईन. चारचौघांत तुझ्याशेजारी बसून चहा पिईन. एवढंच."

ती एक काडी मोडून बाजूला टाकत म्हणाली, "शुक्रवारी वालेन्सियाचे सहा जण येतायत. त्यांना काय सांगू?"

"खरं सांग."

रहीमोचे हात थांबले. तिने बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही, प्रेमानेही नाही. बाजारात टरबूज बघावं तसं.

"लग्न झाल्यापासून तू माझ्यासमोर धडधाकट जिवंत होतास, तेव्हा या घरात चिटपाखरू फिरकत नव्हतं," ती म्हणाली. "लोकांना माझा नवरा मेलेलाच आवडतो, मुफद्दल, आणि आता मलाही तुझी तशीच सवय झालीय."