सातशे बारा ओळी

ताईने भावाच्या नावाची ओळसुद्धा उडवली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. सख्खी बहीण आणि एवढी निगरगट्ट? दुपारपर्यंत सगळ्या खात्यात कुजबुज झाली.

होईना का. काम विभागप्रमुख साहेबांनीच दिलं होतं. लिफ्टचा कंट्रोल पॅनल चालू केला की त्यातला कर्नल, म्हणजे सगळ्या प्रणालीचा गाभा, पडद्यावर सातशे बारा ओळी ओकायचा. हे सापडलं, ते जोडलं, हे अमक्याने लिहिलं. गिऱ्हाइकापुढे ही बडबड शोभत नाही आणि त्यात सात सेकंद फुकट जातात, असं साहेबांचं म्हणणं. घाई त्यांच्या पाचवीलाच पुजलेली. म्हणून तर ताईला आयुष्यात पहिल्यांदा कर्नलला हात लावायची परवानगी मिळाली.

"ताई, बिनकामाचं एक अक्षर दिसता कामा नये," साहेबांनी बजावलं.

दोन वर्षांपूर्वी एक लिफ्ट कोसळली आणि एका बाईचे पाय गेले. सेन्सर उलटा जोडला म्हणून खापर ताईच्या धाकट्या भावावर फुटलं. लिफ्ट लवकर सुरू व्हावी म्हणून साहेबांनीच ब्रेकची तपासणी काढायला लावली, असं तो चौकशीत जीव तोडून सांगत होता. मी तेव्हाच कर्नलमध्ये तशी ओळ लिहून ठेवलीय म्हणाला आणि त्याने पॅनल चालू केला. ओळी सरसर वर पळाल्या. मागच्यांच्या रेट्यात आधीच्या पुसल्याही गेल्या. कोणाला काही दिसलं नाही. साहेब चारचौघांत पोट धरून हसले. धाकट्याची नोकरी गेली. अजून तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्या दिवसापासून ताईने साहेबांवर डूख धरला होता. हसले तसंच चारचौघांत त्यांना उघडं पाडायचं, बस्स.

आज मालक आणि नऊ गिऱ्हाइकं पडद्यासमोर बसली. बटण साहेबांनी स्वतः दाबलं. पडदा कोरा करकरीत राहिला. साहेबांनी खूश होऊन ताईकडे बघत मान डोलावली.

ताईने सातशे अकरा ओळी काढल्या होत्या. उरलेली एक पडद्याच्या मधोमध उमटली आणि तिथेच थांबली. मालकांनी चष्मा चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती वाचली.

"ब्रेकची तपासणी बंद. हुकूम: विभागप्रमुख."