चार वर्षांत एकही बिघाड नाही

"वर्षभरात क्लच, ब्रेक, चारी टायर! कसली निगा राखता, बाई?" धामणकरसाहेब डॉक्टर कर्णिकबाईंना हसले. दोघांकडेही एकाच मॉडेलची हायब्रिड हायपरकार, देशात मोजून सात. "माझी बघा. चार वर्षांत एकही बिघाड नाही!"

दोन्ही गाड्यांचा मेकॅनिक मीच. हातातलं फडकं मी बॉनेटवर आपटलं.

"बिघडेल कशी, साहेब? बाई स्वतः घाटात पळवतात, म्हणून त्यांची झिजते. तुमची चार वर्षं चार्जरला बांधून ठेवलीय. बैलालासुद्धा कुणी इतकं बांधून ठेवत नाही!"

साहेब लालबुंद झाले. "आण किल्ली! आत्ता फिरवून आणतो."

मी किल्ली दिली. साहेब तरातरा गाडीपाशी गेले आणि सवयीने मागच्या सीटचं दार शोधू लागले.

त्या गाडीला मागे सीटच नाही.